माळावर उगवलेले बैल

"या वर्षी आपला माळ बोलणार!" चित्रकलेच्या देवदत्त सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं.

सर सांगलीचे, नोकरी आटपाडीजवळच्या खेड्यातल्या शाळेत. शाळेमागचा माळ शेळ्यांनी असा चरलेला, की जणू न्हाव्यानं वस्तरा फिरवलाय! तिथं पुन्हा गवत आणायचं सरांनी मनावर घेतलं होतं. बेत झकास होता. मुलांनी मारवेल, पवन्या अशा गवतांचं बी मातीत कालवायचं, त्या मातीचे चंडोल पक्षी करायचे आणि माळावर मांडायचे. आधी प्रदर्शन, मग पाऊस, मग गवत!

पण बेंदूर, बैलांचा सण, तोंडावर आलेला. मुलांच्या बोटांत बैल शिरलेले.

"सर, पाखरू हुबंच ऱ्हात न्हाई," सातवीतली संयोगिता म्हणाली. "बैल करू का? चार पायांवर कसा झ्याक ऱ्हातो!"

"करा बैल! बी आत असलं म्हणजे झालं!"

इथंच सर फसले.

सरांनी बैल माळावर मांडले, सकाळच्या उजेडात फोटो चांगले यावेत म्हणून उगवतीकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशी राहीबाई शेळ्या घेऊन गेल्या आणि धापा टाकत गावात आल्या.

"आवं, माळावर बैलं उगावल्यात! समदी सूर्याला नमस्कार करत्यात!"

दुपारी बैलांना हळदकुंकू लागलं. संध्याकाळी पुरणपोळी आली. बायका तांब्या-तांब्यानं पाणी घालू लागल्या. आणि शेळ्यांना माळ बंद! "देवाच्या रानात शेळी? जीभ झडंल!" राहीबाईच दम भरू लागल्या. सरांना हात जोडजोडून जे जमलं नव्हतं, ते मातीच्या बैलांनी करून दाखवलं. सर गालातल्या गालात हसले.

मग रिटायर सुभेदार दादासो पुढं झाले. "देव उन्हात? शेड मारू! खाली फरशी, पार माळभर!"

सर धावतच आडवे आले. "अहो दादासो, हे बैल शाळेतल्या मुलांनी केलेत!"

"मग? पोरास्नी बुद्धी कुणी दिली, मास्तर?"

"आत गवताचं बी आहे! हे बघा!" सरांनी पुरावा म्हणून एक बैल उचलला आणि मोडला.

बैलाचं मुंडकं खाली पडलं.

"मास्तरानं बैल मारला!" कुणीतरी ओरडलं.

"आवं, त्यो माझा हुता!" संयोगितानं भोकाड पसरलं.

शेवटी सरांनी कान धरून उरलेल्या बैलांची माफी मागितली, तेव्हा कुठं गाव शांत झालं. फरशीचा ट्रॅक्टर मात्र ठरला तो ठरलाच.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात तोंड पाडून बसले. संयोगिताला त्यांची दया आली. "सर, नाटक करूया की! बैलालाच बोलू द्या."

बेंदराला सगळा गाव माळावर जमला. पुठ्ठ्याचं तोंड लावून संयोगिता बैल झाली. नाटकासाठी शाळेतनं आणलेली फरशी बायकांच्या पाण्यानं ओली झालेली. तिच्यावर तिनं पाय ठेवला आणि खरोखरच दाणकन आपटली! नाटकात हे नव्हतं. पण पोरगी हुशार! बसल्या जागेवरनं हंबरली, "मला पत्रा नगं, फरशी नगं! माळाला गवात द्या, गवात!"

हशा पिकला. दादासो उठले. फौजेतनं आल्यापासनं त्यांनी बैलच राखलेले.

"खरं हाय गड्यांनो. फरशीवर बैल घसरतो. शेड क्यान्सल!"

तेवढ्यात राहीबाईंनी खाली बोट दाखवलं. पाणी पिऊन पिऊन मातीच्या बैलांच्या पाठीवर हिरवी लव फुटली होती! अख्ख्या गावानं हात जोडले. या खेपेला सरांनीही.

आता माळ घोट्याएवढा हिरवा झालाय. गवतात चंडोल शिरतात आणि मुलं बसून त्यांची चित्रं काढतात. सर खूश आहेत. फक्त सांगलीहून बायकोचा फोन आला, की आवाज खाली येतो.

"या रविवारी तरी येताय ना?" अश्लेषा विचारते.

"नाही गं जमायचं," सर म्हणतात. "दादासोंनी मलाच पुजारी नेमलंय."