हवा गैरहजर

सगळ्या पोरांची हजेरी झाली की सोनकांबळे गुरुजी शेवटचं नाव पुकारत, "हवा!" मग खिशातली उदबत्ती पेटवून वर्गाच्या मधोमध धरत. धूर हलला तर हजर. सरळ वर गेला तर हजेरीपटात लाल शाईने 'हवा – गैरहजर'.

लातूरकडच्या मुरुडजवळच्या त्या शाळेत मी नवा मास्तर, माझा वर्ग त्यांच्या शेजारी. ते रोज आत डोकावत, नाक वर करत आणि म्हणत, "कोंदलंय." हे हवेबद्दल की माझ्या शिकवण्याबद्दल, याचा मला शेवटपर्यंत संशय होता.

त्यांच्या वर्गाला खिडकी एकच, आणि तिच्यापुढे मोडकी बाकं छतापर्यंत रचलेली. पोरं खोकत, पेंगत. गुरुजी रोज हेडमास्तरांकडे जात.

"बाकं हटवा सायेब."

"नवा जिल्हा झालाय गुरुजी. नवं सामान यायलंय, मग ही हलवू. जरा दम धरा."

"दम धरायला हवा लागती सायेब!"

त्या साली दुष्काळ होता. पोरी शाळा सोडून पाण्याला जायच्या, म्हणून गैरहजेरीवर नव्या जिल्ह्याची बारीक नजर. एक दिवस लातूरहून तपासणीला साहेब आले, गुरुजींचा हजेरीपट उघडला आणि तापले.

"ही हवा कोण? पंधरा दिवस गैरहजर! घरी गेलात का तिच्या?"

हेडमास्तरांना घाम फुटला. गुरुजी मात्र शांत.

"घर लांब न्हाई सायेब. खिडकीच्या पल्याड हाय. पण वाट अडवलीय तिची."

"कुणी?"

"हेडमास्तरांनी."

"पोरीची वाट अडवता?" साहेब कडाडले. "आत्ताच्या आत्ता मोकळी करा!"

हेडमास्तरांसकट आम्ही सगळ्यांनी बाकं ओढली. अशी धूळ उडाली की साहेब शिंकून शिंकून बेजार. हवा ही पोरगी नाही हे त्यांना तेव्हा कळलं, पण रागवायला दम उरला नव्हता.

गुरुजींनी उदबत्ती पेटवली. धूर वाकडा झाला.

"हजर!" अख्खा वर्ग ओरडला.

शाळा सुटल्यावर मी त्यांची थट्टा करायला गेलो, तर ते खिडकीतून खाली बघत उभे होते.

"मी हितंच शिकलो," ते म्हणाले.

"या वर्गात?"

"न्हाई. भाईर, या खिडकीखाली. आमच्या लोकांला आत घेत नव्हते. ऐकून ऐकून पाढे पाठ केले. हवा लई होती."

माझं हसू विरलं. इतके दिवस उदबत्तीवरून त्यांची टिंगल केली याची लाज वाटली.

"थंडीत मास्तरांनी खिडकी लावून घेतली," गुरुजी म्हणाले, "की माझी शाळा सुटायची."