गादीच्या कापसातला हिमालय

पार्वताच्या साखरपुड्याचे फोटो मीच काढणार, असं मी एका रविवारी जेवता जेवता जाहीर केलं, आणि घरात कोणीही हसलं नाही. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

सन एकोणनव्वद. मी जळगावात एका सरकारी कचेरीत कारकून होतो, वय एकोणतीस, आणि सुट्टीच्या दिवशी बाहुल्यांचे फोटो काढत असे. (माझं स्वतःचं लग्न का जमत नव्हतं, याची चौकशी करायची गरज त्यामुळे कोणाला वाटत नसे.)

खरं तर बाहुल्या नव्हेत, योद्धे. आमचा मावसभाऊ पुना दुबईला नोकरीला होता. तो सुट्टीवर आला तेव्हा प्लॅस्टिकचे तीन योद्धे घेऊन आला. वीतभर उंच, कोपर-गुडघे वाकणारे, हातात बंदुका. घरात एखादं लहान मूल असेल, असा त्याचा अंदाज. मूल नव्हतं, पण मी आणि माझी बहीण पार्वता होतो. ती तेवीस वर्षांची, बालवाडीत शिकवणारी. आम्ही त्या तिघांची नावं सुपडू, निंबा आणि हिलाल अशी ठेवली (खानदेशात राहायचं तर नाव खानदेशातलंच हवं) आणि दर रविवारी गच्चीवर त्यांच्या मोहिमा सुरू झाल्या.

केळीच्या पानांचं जंगल, परातीतल्या पाण्याचा समुद्र, पालथं खापर म्हणजे डोंगर. आईला पुरणपोळ्या भाजायला ते मातीचं खापर हवं असलं की डोंगर तेवढ्यापुरता खाली स्वयंपाकघरात जायचा. पार्वता योद्ध्यांना उभं करायची, मी कॅमेरा धरायचो. आम्ही तासन् तास पालथे पडलेलो असायचो. सुपडूच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहिलं की आमची एवढीशी गच्ची संपतच नसे. धुण्याच्या दोरीवरची साडी हलली की क्षितिज हलायचं. खाली आमचे वडील, आबा, हाका मारत असायचे, पण आम्ही फार लांब गेलेलो असायचो. आयुष्यात मी इतका सुखी नंतर क्वचितच झालो.

अशात धुळ्याचं स्थळ आलं. देवपूरचं घर, मुलगा सुकदेव, कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. पण घरात शब्द चालायचा तो त्याच्या आजोबांचा, झिपरूनानांचा. वय ऐंशी, डोक्याला भलामोठा फेटा. बघायला आले तेव्हा त्यांनी पार्वताला एकच प्रश्न विचारला.

"पोरी, खेळनं-बिळनं बठ्ठं सरनं ना आते?"

पार्वताने मान खाली घालून "हो, संपलं सगळं" म्हटलं. पाहुणे गेल्यावर तिने मला जिन्यात गाठलं.

"दादा, योद्ध्यांचं तिकडे कळता कामा नये. एवढी घोडी झाली तरी बाहुल्यांशी खेळते म्हणतील आणि स्थळ मोडेल."

"मोडलं तर दुसरं बघू."

"दुसरं नको. मला हाच आवडलाय," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. मला फार वाईट वाटलं. एक तर ती रडत होती म्हणून, आणि दुसरं, हा आवडला म्हणजे ती जाणार म्हणून.

मग आम्ही एक शेवटची मोहीम ठरवली. लग्नात द्यायच्या गाद्यांसाठी भडगावच्या मामांनी कापूस पाठवला होता, तो पिंजून माडीवर ठेवला होता. छतापर्यंत पांढरा ढीग! आम्ही त्याचा हिमालय केला. खिडकीतून ऊन आत आलं की कड्यांवर सोनं चढायचं. सुपडू एक पाय वर करून शिखर चढला, निंबा दरीत घसरला, हिलाल ढगात हरवला (तो खरोखरच हरवला, तासाभराने सापडला). छत्तीस फोटो आम्ही तीन दिवस पुरवून पुरवून काढले. शेवटचा काढल्यावर दोघंही बराच वेळ त्या कापसात नुसते पडून राहिलो.

आता माझ्या हुशारीबद्दल थोडं सांगायला हवं. फोटो काढून झाले की रोल उलटा गुंडाळतात आणि त्याचं शेपूट, म्हणजे बाहेरचं टोक, डबीत ओढून घेतात. शेपूट आत म्हणजे रोल वापरलेला, शेपूट बाहेर म्हणजे नवा कोरा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र कान लावून, नेमक्या क्षणी थांबून शेपूट बाहेर ठेवायचो. म्हणजे स्टुडिओवाल्याला डबी पकडीने फोडावी लागत नाही. ही युक्ती मी एका मासिकात वाचली होती आणि जळगावात ती फक्त मला येते, याचा मला अभिमान होता.

साखरपुडा देवपूरला, मुलाच्या घरी झाला. सकाळच्या घाईत मी कपाटातला रोल उचलला. शेपूट बाहेर होतं, म्हणजे नवा! मी तो कॅमेऱ्यात भरला आणि दिवसभर दोन्हीकडच्या मंडळींना "हसा", "जरा सरका" म्हणत हिंडलो. शेवटी झिपरूनाना म्हणाले, "काढ भाऊ मना बी एक." नानांनी उभ्या जन्मात फोटो काढू दिला नव्हता म्हणे. ते खुर्चीवर ताठ बसले, फेटा सारखा केला, श्वास रोखला. मला अगदी भरून आलं.

आठवड्याने स्टुडिओवाल्याने पाकीट हातात ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर कोणी गेल्यासारखे भाव होते.

"भाऊ, एका रोलवर दोनदा काढलेत."

सगळे पाहुणे हिमालयात होते. आबा आणि व्याही ढगात बसून पेढे खात होते. सुकदेव अंगठी घालत होता, ती पार्वताच्या नव्हे, निंबाच्या हातात. विहीणबाई दरीत होत्या. आणि झिपरूनाना! कापसाच्या शिखरांमध्ये ताठ बसलेले, आणि त्यांच्या फेट्यावर सुपडू, बंदूक रोखून, एक पाय वर करून.

पार्वताने फोटो पाहिले, पाकिटात परत भरले आणि माझ्या उशीखाली सरकवले. त्यापेक्षा तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी धुळ्याची मंडळी लग्नाची तारीख काढायला आली. रोल जळाला असं सांगायचं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मी घसा साफ केला तोवर आबा म्हणाले, "फोटो आलेत बरं का! जिवरामच्या उशीखाली होते." आणि त्यांनी न बघता पाकीट थेट नानांच्या हातात दिलं.

नानांनी स्वतःचा फोटो हातात धरला. जवळ नेला. लांब नेला.

"हाऊ कोन शे मना डोकावर?"

मी "तांत्रिक बिघाड" असं काहीतरी पुटपुटलो. पण दारातून पार्वताच म्हणाली, "सुपडू, नाना." ती उंबरा ओलांडून आत आली. "मी उभा केला त्याला. आम्ही खेळतो अजून. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

आईने कपाळाला हात लावला.

"काय करी ऱ्हायना हाऊ?" नाना.

"हिमालय चढतोय."

नाना पुन्हा फोटोत डोकावले. "असा चढना ते तोंडावर पडी तो! बारा वरीस कुस्त्या खेळनू मी. मांगला पाय असा ठेवतस का? आन त्याले आठे!"

पार्वता धावत जाऊन सुपडूला घेऊन आली. नानांनी त्याचा मागचा गुडघा वाकवला, कंबर खाली घेतली, छाती पुढे काढली. खरंच, सुपडू पहिल्यांदाच चढतोय असा दिसला. सुकदेव सरकत सरकत जवळ आला आणि पार्वताला विचारू लागला, "ऊन कोणत्या बाजूने घेतलं होतं?" तिघांची डोकी त्या प्लॅस्टिकवर एकत्र झाली. लग्नाची तारीख कोणी काढली ते मला आजही नीट माहीत नाही. मी तेव्हा नानांच्या हुकमावरून माडीवरचा कापूस खाली आणत होतो.

लग्न थाटात झालं. रुखवतात करंज्या-अनारशांच्या मधोमध तिघं योद्धे होते, आणि ते पार्वताबरोबरच देवपूरला गेले. पुढचे रविवार मी रिकाम्या गच्चीवर काढले. देवपूरहून पार्वताचं पत्र येई, "नाना रोज नवीन डाव शिकवतात, हे फोटो काढतात." मनात येई, माझ्यावाचून त्यांचं नक्की अडत असणार, संकोचाने बोलत नसतील. शेवटी एका रविवारी मी कॅमेरा पुसून, गळ्यात अडकवून धुळ्याची एस.टी. पकडली.

मला पाहून तिघांनाही खरोखर आनंद झाला. "बरं झालं दादा आलास, तुझीच उणीव होती!" पार्वता म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझ्या गळ्यातला कॅमेरा काढून खुंटीला लावला आणि एक निळी चादर हातात दिली. "ही मागे धरून उभा राहा. आकाश पाहिजे होतं."

मी चादरीमागे दोन तास उभा होतो. ऊन निळं होऊन अंगावर येत होतं, पांझरा नदीवरून वारा येत होता. पलीकडे माझी बहीण हसत होती. वाटलं, कारकुनाला याहून मोठी बढती ती कोणती? आज आपण आकाश झालो. मी डोळे मिटले, हळूहळू तरंगायला लागलो...

"ओ आकाश!" चादरीपलीकडून झिपरूनाना ओरडले. "तुना गुडघा दिखी ऱ्हायनात!"