पाटकरकाकांचा अथेन्सचा नारळ

दगडी खांब दिसले की आमचे पाटकरकाका चपला काढतात. देऊळ असो, कोर्ट असो, शाळा असो. धाकट्या भावाच्या दाखल्यासाठी एकदा मी त्यांना बरोबर घेऊन अंधेरीच्या एका शाळेत गेलो. पोर्चला चार खांब. काका अनवाणी हेडमास्तरांसमोर उभे. हेडमास्तर दयाळू निघाले. कोणी फार गरीब पालक आला आहे असं समजून त्यांनी शिपायाकडून जुन्या स्लिपर मागवल्या. काकांनी त्या घेतल्या, खाली ठेवल्या आणि म्हणाले, "तसं नाही हो. आम्ही अथेन्सला गेलो होतो, तेव्हापासून ही सवय."

झालं. पुढचा पाऊण तास हेडमास्तर ग्रीसमध्ये होते आणि भावाचा दाखला अंधेरीतच राहिला.

जोगेश्वरी पूर्वेच्या आमच्या कॉलनीत, चार नंबरच्या बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावर पाटकरकाका एकटे राहतात. मूळचे मालवणकडचे. मालवाहू बोटीवर कुक होते. बारा वर्षांत त्यांनी निम्मी दुनिया पाहिली असणार, पण त्यातला एकच दिवस त्यांच्या लक्षात आहे. बोट अथेन्सच्या बंदराला लागली, कॅप्टनने सुटी दिली आणि काका दोन दोस्तांबरोबर टेकडीवरचं जुनं देऊळ बघायला गेले, तो दिवस. बाकीची अकरा वर्षं तीनशे चौसष्ट दिवस ते बहुधा कांदा चिरत होते.

या एका दिवसावर आमची कॉलनी किती वर्षं जगते आहे त्याला गणती नाही. गॅलरी गळते म्हणून इंजिनीअर आला, तर काकांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "अडीच हजार वर्षं उभं आहे ते. तुमची गॅलरी पाच वर्षांत गळते, ती का?" इंजिनीअर चहा अर्धा टाकून गेला तो परत आला नाही. गणपतीत मखराची जबाबदारी काकांवर आली, तर त्यांनी डालड्याचे डबे एकावर एक रचून, त्यांना पांढरा कागद लावून सोळा ग्रीक खांब उभे केले. तिसऱ्या दिवशी आरतीत कोणाचा तरी कोपर लागला आणि ग्रीस कोसळलं. काका शांतपणे म्हणाले, "आता जास्त ओरिजिनल दिसतंय."

ती गोष्ट मला इतकी पाठ आहे की झोपेत सांगेन. दोस्तांची नावं दत्ताराम आणि अंतू. बाकीचे खलाशी बंदरावरच्या बारमध्ये गेले, पण हे तिघे आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून टेकडीकडे निघाले. देवळात रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून काकांनी बोटीच्या भांडारातला एक नारळ वर्तमानपत्रात गुंडाळून घेतला. पायथ्याशी तिघांनी बूट काढले. उन्हाळ्याची भर दुपार, संगमरवर तव्यासारखा तापलेला.

"अरे, चटके म्हणजे काय सांगू," काका इथे उठून खोलीभर उड्या मारून दाखवतात. "गोऱ्या बायकांना वाटलं, इंडियाचा डान्स चाललाय. फोटो काढले आमचे."

वर पोचले तर गाभारा रिकामा. गार्डला खुणेने विचारलं, मूर्ती कुठे? त्याने हात झटकले. देवी होती म्हणे, कधीच गेली. "पण देवी गेली तरी जागा देवीचीच ना रे?" असं म्हणून काकांनी नारळ कपाळाला लावला आणि पायरीवर फोडायला हात उचलला. तेवढ्यात गार्डने शिट्टी फुंकली. त्याने हात धरला, नारळ कानाशी हलवून पाहिला, बॉम्ब नाही अशी खात्री केली आणि तिघांना खाली हाकललं. "बूट मात्र जाग्यावर होते," असं काका कौतुकाने सांगतात, आणि गोष्ट संपते.

"मग?" असं कोणी विचारलंच, तर काका पंख्याकडे बघतात. "मग काय. आलो."

पुरावा म्हणाल तर एक फोटो. त्यात खांबापाशी दोन अनवाणी माणसं डोळे बारीक करून उभी आहेत. दत्ताराम आणि अंतू. काका त्यात नाहीत, कारण फोटो त्यांनी काढला. दुसरा पुरावा तो नारळ. लोक परदेशातून सेंट आणतात, ट्रान्झिस्टर आणतात. या माणसाने कोकणातला नारळ ग्रीस दाखवून परत आणला होता. शोकेसमध्ये स्टीलच्या वाटीत तो बसलेला असतो. पाणी कधीच आटलंय, आत खोबरं खुळखुळतं. पाहुणा आला की काका तो त्याच्या कानाशी हलवतात. कोणी हात पुढे केला तर मात्र देत नाहीत.

मला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या रेडकरला मनापासून वाटायचं की हे सगळं थाप आहे. फोटो दत्तारामचा, नारळ इथल्याच बाजारातला आणि काका त्या दिवशी बोटीवर भात लावत होते. त्यांना पकडायचं आम्ही ठरवलं. एका सव्वीस जानेवारीला सुटी होती. म्हटलं, काका, चला, जोगेश्वरीची गुंफा बघू, खांबच खांब आहेत. काका खूष. ते भांग पाडत होते तेवढ्यात मी शोकेसमधला नारळ उचलून पिशवीत टाकला. रेडकरने तोंडावर रुमाल धरला. आम्हाला हा विनोद फारच झकास वाटत होता.

गुंफेच्या पायऱ्यांवर काकांनी अर्थातच चपला काढल्या. आत अंधार, गारवा, छतातून ठिबकणारं पाणी. काका एकेका खांबाला हात लावत हिंडले. आम्ही वकिलासारखे प्रश्न विचारत होतो. तिथे खांब किती होते, पायऱ्या किती, गार्डला मिशी होती का. काका सगळं सांगत होते, न अडखळता. मला त्याचाही राग आला.

देवीसमोर आलो तेव्हा मी पिशवीतून नारळ काढला. "घ्या काका. इथे देवी जाग्यावर आहे आणि शिट्टीवालाही नाही. एकदाचा फोडून टाका."

काका हसले नाहीत. दोन्ही हात पुढे करून म्हणाले, "दे इकडे." नारळ घेऊन ते एका खांबाला टेकून खाली बसले.

"काका, गंमत केली," रेडकर म्हणाला.

"ठाऊक आहे रे मेल्या." बराच वेळ ते नारळ पंच्याने पुसावा तसा सदऱ्याने पुसत होते. मग म्हणाले, "हा नवसाचा आहे. आमची ही आजारी होती. आदल्या बंदराला पत्र मिळालं, ऑपरेशन करायचं म्हणतात. बोटीवरून मी काय करणार? दत्ताराम म्हणाला, इथे टेकडीवर मोठं देऊळ आहे, तिथे बोल. म्हणून गेलो."

"मग?" मी विचारलं. इतकी वर्षं सवयीने विचारत होतो तसंच.

"संध्याकाळी बोटीवर परत आलो तर तार येऊन पडली होती. ही चार दिवस आधीच गेली होती."

छतातून पाणी ठिबकत होतं.

"म्हणजे मी उड्या मारत होतो ना त्या दगडांवर, तेव्हा ती नव्हतीच. पण मला कुठे ठाऊक? मला वाटत होतं, घरी आहे, वाट बघतेय, गेल्यावर हिला हे चटके सांगेन, पोट धरून हसेल. तो दिवसभर मला बायको होती. त्यानंतर नाही." त्यांनी नारळ कानाशी धरून हलवला. "आता फोडायला कारण नाही आणि टाकवत नाही. राहू दे वाटीत."

मला माझी इतकी लाज वाटली की ती आजही पुरती गेलेली नाही. घरी आल्यावर काकांनी नारळ माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच. मी तो वाटीत नीट बसवला.

परवा चार नंबरला नवीन भाडेकरू आले. गृहस्थ हिशेबी डोक्याचे आहेत. काकांची गोष्ट बूट जाग्यावर होते इथपर्यंत आली, तसे ते पुढे सरकून म्हणाले, "बरं, मग बोटीवर परत आलात तेव्हा..."

काका पंख्याकडे बघायला लागले.

"ते सोडा हो," मी म्हटलं. "काका, ते चटक्यांचं नीट नाही सांगितलंत यांना."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग चपला काढून ठेवल्या आणि खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले.

"अरे, चटके म्हणजे काय सांगू," ते म्हणाले.