रस्ता रिजेक्ट करणारे तात्या

स्वतःच्या दारात येणारा सिमेंटचा रस्ता नको, म्हणून घरोघर मतं मागत फिरणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. माझा सख्खा शेजारी आहे. दत्ताराम धनावडे, म्हणजे वाडीचे तात्या.

तात्या मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात 'क्वालिटी'ला होते. तयार नग हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा आणि 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' म्हणायचं, हेच काम जन्मभर केलं. माणूस रिटायर झाला, तोंड झालं नाही. पंगतीत जिलबी उजेडासमोर धरून बघणार. भटजींच्या मंत्रांना "स्पीड जास्त हाय" म्हणणार. माझी पिठाची गिरण आहे. तात्या पीठ चिमटीत चोळतात आणि भर गिऱ्हाइकांत सांगतात, "सुमन, आजचा लॉट जाडा गेलाय गो." अशा वेळी जात्यात यांनाच घालावं असं वाटतं. एकुलत्या एका लेकीला बघायला मुलगा आला, तेव्हा पोरीला राहू दे, यांनी त्या मुलालाच अंगणात चालून दाखवायला लावलं होतं. चालला बिचारा. पास झाला. लेक आता ठाण्याला सुखात आहे.

तर रस्त्याचं. आमची वरची वाडी हमरस्त्यापासून चांगली चढावर. गव्हाचं पोतं खालून डोक्यावर आणायचं म्हणजे कमरेचा काटा ढिला. त्यामुळे ग्रामपंचायतीने आमच्या रस्त्याला पैसे मंजूर केले, तेव्हा मी ग्रामदेवतेला नारळ दिला. रस्ता माझ्या गिरणीवरून थेट तात्यांच्या अंगणात जाणार होता. आणि हा बाबा म्हणतो, "रस्ता रिजेक्ट! त्या पैशात स्मशानात शेड बांधा."

आमचं स्मशान पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. शेडचे पत्रे मागच्या एका वादळात उडाले, ते उडालेच. आता पावसात कुणी गेलं की चार माणसं ताडपत्रीचे चार कोपरे धरून उभी राहतात. गेल्या आषाढात गुरवांच्या आजोबांना पोचवायला सकाळी गेलेले आमचे पुरुष दिवेलागणीला परतले. लाकडं नुसती धुमसत होती म्हणे. एका कोपऱ्याला तात्या होते. चार दिवस त्यांनी कशालाच नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला चुकल्याचुकल्यासारखं वाटलं होतं.

पुढे ग्रामसेवकाने सांगितलं, ग्रामसभेने हात वर करून ठराव केला तर काम बदलता येतं. झालं! शिमग्याला मुंबईची मंडळी आलेली, घरं भरलेली, आणि तात्या दारात हजर. मतं मागायची काय ती रीत! सावंतांच्या नव्या सुनेला विचारलं, "वहिनी, तुमाला कधी जायाचा हाय? पावसात, का थंडीत?" तिला वाटलं माहेरचं विचारतायत. म्हणाली, "गणपतीत जाईन." तात्या म्हणाले, "मंग शेडीला मत द्या. गणपतीत पाऊस असतो." तिच्या सासूने तात्यांच्या पाठीमागे मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या.

मी रस्त्याच्या बाजूची. उगाच खोटं कशाला बोलू? गिरणीत येईल त्याला सांगायची, "मेल्यावर काय भिजायचं नि काय वाळायचं! जित्याची सोय बघा आधी." तात्यांनाही तोंडावर सुनावलं. "तात्या, तुमच्याच दारात रिक्षा येईल. काकूंना बरं नसतं, दवाखान्यात न्यायला बरं पडेल." पीठ चिमटीत न चोळताच ते डबा उचलून गेले.

काकू, म्हणजे तात्यांची बायको, शिमग्याच्या आधीपासून अंथरुणाला होत्या. काविळीनंतरचा अशक्तपणा, असं तात्या सांगायचे. आम्ही पेज घेऊन जायचो, इकडचं तिकडचं बोलायचो. आजारी माणसापुढे स्मशानाचा विषय कोण काढतंय? नवरा रस्त्यासाठी वणवण फिरतोय, अशीच त्यांची समजूत होती.

एक मेच्या ग्रामसभेला हीऽ गर्दी! आमच्या सरपंच बाई आहेत. खुर्चीत त्या बसतात आणि बोलतात त्यांचे यजमान, भाऊ. भाऊ उठले.

"तात्या, शेडीचा उद्घाटन कुणाच्या हातून करायचा? साहेबांना बोलावू? फीत कापली, नारळ फोडला. पुढे काय, आत जावा म्हणू त्यांना?"

सभा हसली.

"नि फ्लेक्स? रस्त्याच्या कडेला फोटो लावला तर विकास दिसतो. स्मशानात लावला तर लोक हार घालतील माझ्या फोटोला!"

आता मात्र लोक खुर्च्या धरून हसले. मीही हसले. भाऊंना चेव चढला. "आणि तात्या, तुमालाच येवढी घाई कसली झालीय वो?"

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"माजी नाय घाई," ते म्हणाले. "हिची हाय. कावीळ नाय ती. चिपळूणच्या डॉक्टरांनी सांगितलाय, पावसाळा काढायची नाय."

हसणारे सगळे वळून तात्यांकडे बघू लागले.

"तिला भिजलेला खपत नाय. पागोळीचा थेंब मानेवर पडला तर दिवसभर कुडकुडते. ती ताडपत्री मी धरलीय. भोकं हायत तिला. माज्याच्यानं तिला तशी ठेववायची नाय." एवढं बोलून खाली बसले.

मेल्यावर काय भिजायचं, हे माझंच वाक्य मला खाऊ लागलं. मी हात वर केला. शेजारी सावंतांच्या सुनेच्या सासूने केला. मग सगळेच. भाऊंनी इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी त्यांनीही केला. तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला. सरपंचबाई सभेत पहिल्यांदाच बोलत होत्या. "ग्रामसेवक, ठराव लिवा. पाऊस पडायच्या आत पत्रे चढले पायजेत."

घरी परतताना मी चढावर तात्यांना गाठलं. रडू आणि राग दोन्ही येत होतं. "आम्हांला सांगायचंत तरी!"

"सांगितला असता, तर तुमी तोंडं पाडून बघायला आला असतात. तिला लगेच कळला असता."

पडवीतल्या खाटेवर काकू उशीला टेकून वाट बघत होत्या. आम्हांला बघताच त्यांनी विचारलं, "काय वो? झाला काय?"

"झाला मंजूर," तात्या म्हणाले. "पावसाच्या आत होतोय."

काकूंचं तोंड एवढंसं झालेलं, ते फुललं. "मंग गाडी दारात येईल. मला एकदा आरे-वाऱ्याला न्या. लगीन झाल्यावर नेलात, त्यानंतर काय समुद्र बगितला नाय."

"नेतो की. नेतो." तात्या वळले आणि खुंटीवर टोपी लावत उभे राहिले. टोपी काही लागेना.

काकूंना शंका आली असावी. त्यांनी माझा हात धरला. बोटं कसली, नुसत्या काड्या. "सुमन, खरा सांग. यांचा काय खरा नसतो. झाला ना गो?"

"झाला काकू," मी म्हटलं. "पहिला हात मीच वर केला."

"देव तुजा भला करो," काकू म्हणाल्या. "तुज्या गिरणीची पण सोय झाली बग."