भेगांचा पाडाव आणि मऊ चकल्यांचा उद्धार

श्री चूलमाता प्रसन्न. जिचे पोटी अग्नी, जिचे डोईवर दूध, जे नजर चुकताच उतू जाते आणि जी तरीही रागे भरत नाही, तिला दंडवत घालोन शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी, कार्तिक वद्य पक्षी जो प्रसंग गुदरला आणि जी फत्ते जाहली, ती हकीकत लिहितो. राज्याचे नाव लिहावयाचे नाही, ऐसी आज्ञा आहे. राज्य तिसरे मजल्यावर. उत्तरेस गॅलरी, दक्षिणेस न्हाणीघर, पूर्वेस शेजारणीचा मुलूख, तिजशी वाटीभर साखरेचा तह कायम, आणि मध्ये ओटा, तेच तख्त.

त्या तख्तावर थोरल्या बाईसाहेब कावेरीबाई. त्यांचे यजमान आबासाहेब कचेरीतून निवृत्त होऊन घरी बसले आणि तेव्हांपासोन कपाटे, फडकी व उन्हाचे खाते आपणाकडे घेते जाहले. ते खाते कोणी दिले, हे कोणास ठाऊक नाही. चिरंजीव श्रीरंगराव, आणि त्यांचे कुटुंब शर्वरीबाई, म्हणजे धाकट्या बाईसाहेब, ज्या गेले साली लग्न होऊन राज्यात आल्या. त्यांचे माहेरी फराळ दुकानातून खोक्यांत येई, आणि येथे पितळी सोऱ्या, जो कावेरीबाईंचे सासूबाईंचा, ज्यातून पडल्या चकलीस काटा ऐसा येई की जिभेने मोजावा. शर्वरीबाईंस त्या सोऱ्याचा मोह पडला. मग यंदा दिवाळीस कावेरीबाईंनी भाजणी भाजण्याचे आणि चकल्या पाडण्याचे काम प्रथमच त्यांचे हाती दिले, आणि त्यांनी भाजणी खरपूस भाजिली, चकल्या पाडिल्या, तळिल्या, काटाही आला, आणि मग आनंदाचे भरात त्या गरम असतांच डब्यात भरोन झाकण घट्ट लाविले. तेथे घात जाहला. डब्यात वाफ धरली आणि भाऊबीजेस चकली मोडावयास घेतली तो वाकू लागली. श्रीरंगरावांनी ती उलटसुलट करोन पाहिली आणि गुमान खाल्ली. कोणी शब्द बोलिले नाही, आणि शर्वरीबाईंस तेच फार लागले.

इतक्यात उत्तरेकडोन थंडीची स्वारी आली. पहिले हल्ल्यात ओठ फुटले, दुसरे हल्ल्यात टाचा, आणि मग गनिमाने नाकेबंदी केली, म्हणजे खरोखरीच नाके बंद केली. सारे घर सर्दीने चोंदले आणि कोणास फोडणीचा वास येईना, की धुपाचा. परंतु सर्वांत मोठा घाव कावेरीबाईंचे हातांवर पडला. दिवाळीची भांडी, साबण, गार पाणी आणि वारा यांनी एका मताने चाल केली, आणि बोटांचे पेरांस ऐशा भेगा पडिल्या की कणकेत मीठ टाकोन हात घालिताच डोळ्यांत पाणी उभे राहावे. श्रीरंगराव बाजारातून मलमाची नळी घेऊन आले. तिने हात बुळबुळीत जाहले, हातातली वाटी निसटली, आणि भेगा होत्या तेथेच राहिल्या. ज्या हातांनी हे राज्य चाळीस वर्षे जेवले, ते हात पदराखाली लपू लागले, हे लिहिताना लेखणी जड होते.

मग एके सकाळी कावेरीबाईंनी फराळाचे कपाट उघडिले आणि आत पाहिले. चिवडा तळाशी बसला होता, शेवेचा चुरा, शंकरपाळे दगडासारखे, रव्याचे लाडू त्याहून कठीण, करंज्या फुटोन सारण बाहेर, आणि मऊ चकल्यांचा डबा गळ्यापर्यंत भरलेला. त्यांनी झाकण लाविले आणि बोलिल्या, "बास झालं आता. माझ्या हातांत काही राहिलं नाही. आणि केलेलं असं पडून राहतं. पुढच्या वर्षी फराळ बाहेरून आणा. तो सोऱ्या टाका माळ्यावर."

 हे ऐकोन शर्वरीबाईंस वाटले, माझ्याच चकल्यांनी हे झाले. मग धीर करोन बोलिल्या, "आई, देवदिवाळीपर्यंत थांबाल का? तोवर यातला कण वाया जाऊ देणार नाही मी. आणि तुमचे हातही बरे करते. नाही जमलं तर मीच चढवीन सोऱ्या माळ्यावर."

"तू करणार?" कावेरीबाई बोलिल्या, आणि मग सुनेचे उतरले तोंड पाहोन, "बरं. देवदिवाळीपर्यंत."

देवदिवाळी म्हणजे मार्गशीर्षाची प्रतिपदा, आणि ते दिवशी दरसाल आबासाहेबांच्या थोरल्या भगिनी द्वारकाबाई जेवावयास येत. त्यांची जीभ तिखट आणि नाक त्याहून. आल्या की आधी डबे हुंगीत, आणि त्यांस पानात भाजणीचे थालीपीठच लागे.

येणेप्रमाणे मुदत ठरली आणि शर्वरीबाईंनी मोहीम उघडिली. शेवेचा चुरा तिखट रश्शात सोडिला आणि शेवभाजी केली, ती श्रीरंगराव भाकरी मोडमोडोन खाते जाहले. शंकरपाळे गरम दुधात भिजत घातले आणि वर वेलदोडा टाकिला, तो ते नरम येऊन शरण आले. रव्याचे लाडवांवर आबासाहेबांनी खलबत्त्याची तोफ डागिली, आणि त्या भुग्याचा दुधात शिरा जाहला. करंजीचे सारण भरोन पोळ्या केल्या. चिवड्यावर दही आणि कांदा घालोन त्यास चौथ्या प्रहरी पानावर बसविले. घरातील माणसे सर्दीने चव लागत नाही ऐसे म्हणत आणि दुसऱ्यांदा मागोन घेत. राहिला एकच गड, तो मऊ चकल्यांचा. त्यांचा चुरा करोन द्वारकाबाईंचे थालिपिठात घालावा आणि त्याच पानी गड घ्यावा, ऐसी मसलत ठरली. त्यासाठी थोडी भाजणी राखोन ठेविलेली होती.

आता डब्यांची गोष्ट लिहिणे प्राप्त. राज्यात स्टीलचे दोन डबे सारखेच, द्वारकाबाईंनी शर्वरीबाईंचे लग्नात दिलेले. पैकी एकाचे झाकणावर 'सौ. द्वारकाबाईंकडून सप्रेम भेट' ऐसे कोरलेले, आणि दुसऱ्याचे झाकण कोरे, कारण दुकानदार जेवावयास गेला. नावाचे डब्यात भाजणी राही आणि तो ओट्यावर असे. कोऱ्या डब्यात उटणे राही आणि तो बाहेरचे कपाटात असे. उटणे कावेरीबाई घरीच कुटीत, आणि दरसाल चौपट कुटीत, म्हणोन अभ्यंगस्नाने आटोपली तरी डबा अर्धा उरे. मोहिमेचे आरंभीच आबासाहेबांचे मनात आले की दोन्ही पिठांस ऊन दाखवावे. मग गॅलरीत दोन वर्तमानपत्रे पसरोन एकावर भाजणी आणि एकावर उटणे ऐसे वाळवीत बसले, आणि डबे स्वच्छ पुसोन पिठे परत भरिली. रंग दोहोंचा तांबूस, नाक चोंदलेले. कोणते पीठ कोणत्या डब्यात गेले, हे त्यांनी हुंगोन पाहिले नाही. हुंगते तरी काय कळते? आणि कामगिरीचे समाधान ऐसे की सायंकाळपर्यंत तीन वेळा सांगितले.

इकडे शर्वरीबाईंनी कावेरीबाईंचे हातांस साबण वर्ज्य केला. नित्य सकाळी कोऱ्या डब्यातून कोरड्या चमच्याने उटणे म्हणोन काढावे, त्यात दुधावरची साय आणि चार थेंब तीळतेल घालावे, आणि सासूबाईंस गॅलरीत उन्हात बसवोन एकेक बोट धरोन हळू चोळावे. मग कोमट पाण्याने धुवोन कोकमाचे तेल, जे थंडीत मेणासारखे घट्ट होते, ते पळीत पातळ करोन भेगांत भरावे. भांडी त्यांनी श्रीरंगरावांकडे लाविली, आणि ते कुरकुरले, पण घाशीत गेले. आरंभी कावेरीबाई हात द्यावयास लाजत. बोलत, "काय बाई, माझे हात कुणी धरायचे म्हणजे!" मग हळूहळू उन्हात बसोन हात पुढे करू लागल्या आणि आपले सासूबाईंच्या गोष्टी सांगू लागल्या, की त्या चकली पाडताना बोलत नसत, आणि सोऱ्यास कोणास हात लावू देत नसत. शर्वरीबाई ऐकत आणि चोळीत, आणि मनी एकच धास्ती की सोऱ्या वाचतो की जातो.

ऐसे करिता देवदिवाळी उजाडली. द्वारकाबाई आल्या, चपला काढिल्या आणि आबासाहेबांस बोलिल्या, "काय रे बाळ, सगळ्यांची नाकं का लाल?" भूक लागली म्हणोन डबे हुंगावयाचे मागे ठेवोन थेट पाटावर बसल्या. शर्वरीबाईंनी नावाचे डब्यातून पीठ घेतले, कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ घालोन प्रथम दोन थालिपिठांपुरते भिजविले आणि चकलीचा चुरा पुढील गोळ्यासाठी राखिला. तव्यावर थापोन मध्ये भोके पाडिली, तेल सोडिले, आणि एक थालीपीठ आबासाहेबांस, एक द्वारकाबाईंस, वर लोण्याचा गोळा, ऐसे वाढिले. आबासाहेब घास घेऊन बोलिले, "वा! खमंग!" त्यांस या पक्षात खमंग आणि खडू यांतील भेद कळत नव्हता. द्वारकाबाईंनी घास नाकापाशी नेला आणि तेथेच थांबविला.

"शर्वरी," त्या बोलिल्या, "हे थालीपीठ आहे की नरकचतुर्दशी?"

"म्हणजे काय आत्या?"

"म्हणजे याला चंदनाचा वास येतोय बाई. आणि नागरमोथ्याचा. बाळ, तो घास थुंक आधी!"

आबासाहेबांनी अर्धे थालीपीठ फस्त केले होते. ते उठोन चूळ भरावयास धावले. द्वारकाबाईंनी ओट्यावरील डबा उघडिला, हुंगिला आणि बोलिल्या, "माझ्या नावाच्या डब्यात उटणं! धन्य आहे." तेव्हां शर्वरीबाई भिंतीस टेकल्या आणि त्यांचे डोळे भरोन आले. मुदतीचा दिवस, पाहुणीचे पान, आणि पानात अभ्यंगस्नान. त्यांनी माळ्याकडे पाहिले आणि स्टूल आणावयास निघाल्या.

"थांब गं," कावेरीबाई बोलिल्या. "इथे उटणं आहे, तर माझ्या हाताला रोज काय लावत होतीस?"

 श्रीरंगराव धावत जाऊन बाहेरचे कपाटातून कोरा डबा घेऊन आले. द्वारकाबाईंनी झाकण काढिले, चिमूट तळहातावर घेतली, हुंगिली, मग जिभेवर ठेविली, आणि त्यांचा चेहरा पालटला.

"भाजणी आहे. जिरं, धणे, हरभऱ्याची डाळ. काय भाजल्येय गं! एक कण कच्चा नाही, एक कण करपला नाही. कावेरी, तुझा हात आहे हा."

"माझा नाही वन्सं," कावेरीबाई बोलिल्या. "शर्वरीचा."

मग त्यांनी आपले दोन्ही हात पदराबाहेर काढिले आणि खिडकीचे उजेडात धरोन पाहिले, आणि साऱ्यांनी पाहिले. पेरांवरील भेगा मिटल्या होत्या. कातडी मऊ येऊन तीवर किंचित तूपकट झाक आली होती. कावेरीबाई तख्तापाशी गेल्या, परातीत कोऱ्या डब्यातील भाजणी ओतली, कांदा घातला, हिरवी मिरची घातली, मग चकल्यांचा डबा सबंध उपडा करोन चुरा घातला, आणि वरोन मीठ. शर्वरीबाई बोलिल्या, "आई, मी भिजवते. झोंबेल तुम्हाला."

कावेरीबाईंनी काही न ऐकता हात घातला. सारी सभा त्यांचे तोंडाकडे पाहत राहिली. त्यांनी एकदा मळले, दोनदा मळले, मिरची पेरांत गेली, मीठ पेरांत गेले, आणि मग त्या हसो लागल्या.

"नाही झोंबत!" त्या बोलिल्या. "अहो, नाही झोंबत मला!"

तेव्हां राज्यात जो जल्लोष जाहला, तो शेजारणीचे मुलखात ऐकू गेला आणि ती वाटी घेऊनच आली. कावेरीबाई थापीत गेल्या आणि शर्वरीबाई भाजीत गेल्या. मऊ चकल्या तव्यावर पडताच पुन्हा कुरकुरीत जाहल्या, आणि ज्यांस कोणी विचारीत नव्हते त्या कडेकडेने वेचोन खाल्ल्या गेल्या. द्वारकाबाईंनी तिसरे मागितले, शेजारणीने चौथे, आणि आबासाहेबांस शिक्षा म्हणोन शेवटी वाढिले, ते त्यांनी निमूट खाल्ले. डबा रिता जाहला, गड फत्ते जाहला. उटण्याची उरली दीड थालिपिठे कढीलिंबाचे कुंडीत गेली आणि ते झाड अद्याप जोरात आहे.

जेवणे आटोपता आबासाहेब आपली चूक भरोन काढावी म्हणोन उत्साहे उठले आणि सोऱ्या हाती घेऊन स्टुलावर चढू लागले.

"कुठे निघालात?" कावेरीबाई बोलिल्या.

"तूच म्हणालीस ना, माळ्यावर."

"खाली उतरा. आणि तो इकडे द्या."

मग त्यांनी सोऱ्या मांडीवर घेतला, कोकमाचे उरले तेल बोटाने त्याचे आट्यांस लाविले, दोनदा फिरवोन पाहिला आणि शर्वरीबाईंचे ओंजळीत ठेविला. बोलिल्या, "पुढच्या वर्षी गार होऊ दे, मग भर."  शर्वरीबाईंनी सोऱ्या पोटाशी धरिला आणि मान हलविली.

येणेप्रमाणे थंडीची शिकस्त जाहली, फराळाचा कण वाया गेला नाही आणि सोऱ्या तख्तापाशी राहिला, इतकी हकीकत. त्यानंतर कावेरीबाई स्वतः भांड्याचे दुकानी गेल्या आणि कोऱ्या झाकणावर नाव कोरवोन आणिले. दुकानदाराने पुसिले, कोणाकडून भेट लिहू? त्या बोलिल्या, भेट नाही, जिचा आहे तिचं नाव घाला. आता भाजणी त्याच डब्यात असते आणि तो डबा ओट्यावर असतो. झाकणावर एकच शब्द आहे, शर्वरी.