पुतळाबाईंचं शटर

तेजश्रीचं करिअर मी घडवलं, हे आधीच सांगून टाकतो. नंतर कुणी वेगळं सांगेल.

ही आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीतली मुलगी. कागद, कॅनव्हास तिला चालत नाही. चित्र काढायला पत्राच लागतो. सुरुवात वडिलांच्या पत्र्याच्या पेटीवर झाली, मग मार्केटमधले टेम्पो, मग घरचं लोखंडी कपाट. त्यावर तिने आजी काढली. तेव्हापासून घरातलं माणूस कपाट उघडण्याआधी खाकरतं.

मुंबईच्या एका गॅलरीतली माणसं रविवारी तिचं काम बघायला येणार होती. आवडलं तर पहिलं प्रदर्शन, नाहीतर परत टेम्पो.

"काका, मोठं काहीतरी दाखवायला हवं. एवढा पत्रा आणू कुठून?"

"माझ्यावर सोड," मी म्हणालो. माझा जन्म विनोद लिहिण्यात गेला, त्यामुळे माझ्यावर सहसा कुणी काही सोडत नाही. ही नवी होती.

शेजारच्या बोनकोडे गावात गोटीरामचं सुक्या मासळीचं दुकान आहे. त्याची आई पुतळाबाई गेल्या वर्षी गेली. मी म्हटलं, शटरवर आई काढून घे. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेजश्रीने शटर ओढून त्यावर पूर्ण उंचीच्या पुतळाबाई काढल्या. नथ, काष्टा, आणि ती नजर. चेहरा मनासारखा येईना म्हणून थरावर थर चढवले. गल्लीतली कुत्री शेपूट घालून पलीकडून जाऊ लागली. दुपारी ऊन चढलं की शटरच्या पट्ट्या टकटक वाजत आणि पुतळाबाईंचे ओठ हलत.

"जेवलास का इचारते," गोटीराम म्हणाला.

"जित्या होत्या तवा कदी इचारलं?" त्याची बायको सगुणा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलंच नाही.

"शटर वर घ्यायचं म्हंजे आयला डोक्यापासून गुंडालायची," गोटीराम म्हणाला. "पोरगा हाय मी. माज्यानं नाय होनार."

आत बोंबील, बाहेर आई. दोन्हींचा दरारा रोज वाढत गेला. शनिवारी गावाने तोडगा काढला: कौल लावायचा. फुलाची ओली पाकळी पुतळाबाईंच्या कपाळावर चिकटवायची. उजवीकडे पडली तर आईची परवानगी. गोटीरामने हात जोडले.

"आय, दुकान उघडू?"

पाकळी पडली नाही. खाडीवरून वारा आला, सबंध शटर थरथरलं, पाकळी जागची हलली नाही. जमलेली माणसं दोन पावलं मागे सरली. मी तीन.

तेजश्रीने माझी बाही ओढली. "काका, टेन्शन आलंय. दमट हवा, त्यात एवढे थर. चेहऱ्याचा रंग ओलाच आहे अजून. कुणाला हात लावू देऊ नका."

"माझ्यावर सोड," मी म्हणालो, आणि हे लोकांना कसं सांगावं याचा विचार करू लागलो. लेखकाचा वेळ यातच जातो.

तेवढ्यात दुकानामागच्या घरातून सगुणा पदर खोचून आली. "आय, उठा आता. बोंबलांचा वास चुलीपर्यंत आलाय." तिने शटर एका दमात वर ढकललं. वरून लांब, चिकट कण्हणं ऐकू आलं.

रविवारी गॅलरीचे पाहुणे आले. सगुणा आत आवरत होती. गोटीरामने बाहेरून शटर खाली ओढलं. पुतळाबाई होत्या, पण त्यांना चेहरा नव्हता. वाळलेली नथ तेवढी अधांतरी. तेजश्री मटकन पायरीवर बसली.

आणि बंद दुकानातून सगुणाची किंकाळी आली.

आम्ही सगळे मागच्या दाराने, स्वयंपाकघरातून आत धावलो. शटरच्या आतल्या कोऱ्या पत्र्यावर पुतळाबाई. गुंडाळताना ओला चेहरा पत्र्याच्या पाठीवर उमटला होता. एक डोळा वर, एक बराच खाली, आणि दोन्ही आमच्यावर.

पाहुण्यांतल्या बाई आळीपाळीने दोन्ही डोळ्यांकडे पाहत राहिल्या. "बाहेर रिकामी बाई, आत तिची नजर," शेवटी त्या हळूच म्हणाल्या. "प्रदर्शन पक्कं. फक्त अशी आणखी दहा हवीत. याच पद्धतीने."

तेजश्रीने सगुणाकडे पाहिलं.

"मना सासू एकच होती," सगुणा म्हणाली. "बाकीच्या तुमच्या तुमी आना."

या सगळ्यामागे खरं तर कोण आहे, हे पाहुण्यांना सांगायला मी घसा साफ केला. पण पुतळाबाईंचा खालचा डोळा नेमका माझ्या उंचीला होता. म्हटलं, राहू दे.