मुकुंद शेपटेचं हेतुपत्र

एका जंगलात, बाळांनो, मुकुंद शेपटे नावाचा एक वानर राहत होता. बाळांनो म्हणजे, तिशी उलटली तरी पुढे काय शिकावं हे ज्यांचं अजून ठरायचंय, ते तुम्ही. आणि मीसुद्धा.

मुकुंदाचं काम सोपं होतं. ऐनाच्या झाडाच्या शेंड्यावर बसायचं, कोवळा पाला खायचा आणि बिबट्या दिसला की "खॅक!" करून ओरडायचं. खाली चरणारी चितळं धूम ठोकायची. सहा वर्षांत कळपातलं एकही पाडस गेलं नव्हतं.

पण हल्ली त्याला स्वतःची लाज वाटू लागली होती. बरोबरचे वानर कुठल्या कुठे पोचले आणि आपण अजून 'खॅक'वरच! म्हणून त्यानं परदेशी जाऊन 'सुरक्षा' या विषयात मास्टर्स करायचं ठरवलं.

माहितीपत्रकं आली. अस्वलांच्या देशात एक कोर्स होता, दोन वर्षांचा. सील प्राण्यांच्या बेटावरचा एकाच वर्षाचा, पण त्याच्या नावात 'शांतता'ही होती. नावात शांतता असली की नोकरी मिळते की हुकते, यावर मुकुंदानं पंधरा दिवस घालवले. शेवटी बेट निवडलं, कारण पत्रकावरच्या फोटोत सगळे हिरवळीवर बसून हसत होते. याला आपण सखोल विचार म्हणतो.

कळपातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या चितळीला तो ठिपकेकाकू म्हणायचा. त्यांना त्यानं वरूनच विचारलं, "काकू, धोका म्हणजे नेमकं काय हो?"

"तो आला की पळायचं."

"फारच पारंपरिक विचार आहे तुमचा."

"असेल बाबा. तू आपला ओरडत जा म्हणजे झालं."

अर्जाला हेतुपत्र, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, जोडायचं होतं. त्याच्या सूचनेत लिहिलं होतं, 'आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका सुरक्षा-अपयशाचं विश्लेषण करा.' मुकुंद अडला. अपयश आणायचं कुठून? सहा वर्षं नुसता ओरडत राहिला, पदरात एक साधी दुर्घटना नाही.

अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला आणि त्याच सकाळी गवतातून, पोट जमिनीला लावून, जंगलातले बिबटेसाहेब आले. समोर काकूंचं नातवंड होतं, आठ दिवसांचं, उभं राहतानाही लटपटणारं.

मुकुंदानं तोंड उघडलं. मग मिटलं. हेतुपत्राचं पहिलं वाक्य मनात तयार झालं होतं: 'त्या दुर्दैवी सकाळी...' वाक्य छान होतं. इतकं छान वाक्य त्याला जन्मात सुचलं नव्हतं.

पाडसानं वर पाहिलं. सहजच.

"खॅक!"

तो एवढ्या जोरात ओरडला की फांदीवरून पडता पडता वाचला. पाडस पळालं. मुकुंदाला मात्र स्वतःची खरी लाज त्या दिवशी वाटली.

हेतुपत्रात त्यानं खरं तेच लिहिलं, 'आमच्याकडे काही घडलं नाही.' बेटावरून उत्तर आलं, 'आपला प्रत्यक्ष अनुभव अपुरा आहे.'

त्या वर्षी जंगलातून एकालाच प्रवेश मिळाला. बिबटेसाहेबांना. त्यांच्याकडे इतर कळपांतल्या एकतीस घटनांचा अनुभव होता, सगळ्या अगदी जवळून पाहिलेल्या. शिष्यवृत्तीही पूर्ण मिळाली.

वर्षभरानं साहेब जंगलाचे सुरक्षा सल्लागार होऊन परतले. पहिल्याच सभेत त्यांनी सांगितलं की झाडावरच्या आरडाओरड्यामुळे कळपात विनाकारण भीती पसरते, तेव्हा तो आजपासून बंद. चितळांनी खूर आपटून पाठिंबा दिला.

सभा संपल्यावर ठिपकेकाकू झाडाखाली आल्या. मान वर करून मायेनं म्हणाल्या, "साहेब किती छान बोलतात रे मुकुंदा! तूही शिकायला हवं होतंस."

तात्पर्य: बाळांनो, अनुभवाला फार किंमत असते. तो कुठल्या बाजूनं घेतलाय, हे कोणी विचारत नाही.